दोराच्या दुसऱ्या टोकाला

ओस्टरवेनच्या खलाशी गायन मंडळात बारा माणसं होती आणि त्यांतल्या एकालाही साधी होडी वल्हवता येत नव्हती. ओस्टरवेन पडलं द्रेन्थ प्रांतातलं गाव. चहूकडे बटाट्याची शेतं आणि जळणाच्या काळ्या मातीची दलदल, समुद्र कुठल्या कुठे. पण दर शनिवारी कुठल्या ना कुठल्या गावच्या उत्सवात ही मंडळी निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे सदरे आणि गळ्यात लाल रुमाल घालून उभी राहायची आणि वादळं, शिडं, नांगर, दूरदेशीच्या बायका यांच्याविषयी जीव ओतून गायची.

त्या ऑक्टोबरात त्यांना काम्पेनहून बोलावणं आलं. आयसेल नदीकाठच्या धक्क्यावर दरवर्षी खलाशी गीतांचा मोठा उत्सव भरतो. देशभरातली मंडळं येतात. तिथून बोलावणं येणं ही ओस्टरवेनच्या दृष्टीनं केवढी तरी गोष्ट. मंडळाचे प्रमुख आल्डर्ट, सगळे त्यांना मास्तरच म्हणत, कारण निम्म्या मंडळाला त्यांनी शाळेत पाढे शिकवले होते, त्यांनी तीन आठवडे सगळ्यांचा घसा सुकवला. आणि निघायच्या चार दिवस आधी एग्बर्टच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया ठरली. एग्बर्ट म्हणजे मंडळाचा खर्जातला एकमेव आवाज. तो गेला म्हणजे गाण्याच्या पायाखालची फरशीच गेली.

"तुझा गुडघा गातो का रे?" मास्तर फोनवर त्याच्यावर ओरडले. "गळा पाठव, गुडघा राहू दे तिथंच!"

पण ते व्हायचं नव्हतं. दहा गाणारे आणि अकॉर्डियनवर रुल्फीन, असे अकरा जण बसमधून निघाले.

रुल्फीन गावात टपाल वाटायची. एकसष्ट वर्षांची, सडपातळ, कमी बोलणारी. तिच्याऐवजी बोलायला मंडळातलीच लामेखीन मावशी होती. रुल्फीनची आई ती आठ वर्षांची असताना गेली, तेव्हापासून शेजारच्या लामेखीननं तिच्या वेण्या घातल्या, तापात रात्री जागवल्या, तिला पहिलं अकॉर्डियनसुद्धा हिनंच कुणाच्या तरी माळ्यावरून मिळवून दिलं. मावशी आता चौऱ्याहत्तर वर्षांची, जेमतेम रुल्फीनच्या खांद्याला लागेल एवढी, आणि गप्पिष्ट इतकी की बस थांब्यावर उभी असली तर बस येईपर्यंत दोन माणसांना जेवायचं आमंत्रण देऊन मोकळी होई.

काम्पेनला पोचले तेव्हा साडेदहा वाजले होते, पण उजाडल्यासारखं वाटत नव्हतं. नदीवरून धुकं चढलं होतं. वेशीचे दोन्ही बुरूज कमरेपासून वर दिसेनासे झाले होते. धक्क्यावर लावलेल्या पताका ओल्या होऊन लोंबत होत्या आणि कुठून तरी गरम तेलाचा, तळलेल्या माशांचा वास येत होता.

"याच गावानं म्हणे गाय दोरानं बुरुजावर चढवली होती, वरचं गवत खायला," गेर्ट म्हणाला. गेर्ट म्हणजे दुधाचा धंदा करणारा सव्वा सहा फुटी गडी. "मी असतो तर गवत कापून खाली आणलं असतं."

"तू असतास तर गायीनंच तुला वर चढवलं असतं," मास्तर म्हणाले. "चला. गाणं तीनला आहे. तोवर तालीम."

तालमीसाठी उत्सववाल्यांनी नदीलगतचं एक जुनं कोठार दिलं होतं. चार मजली, अरुंद, काळपट विटांचं. एके काळी उत्तरेकडून येणारं मीठ आणि सुकवलेली मासळी तिथं उतरायची. किल्ल्या सांभाळणाऱ्या याकोमीन बाई दारातच बारीकशी चिरूट ओढत उभ्या होत्या.

"खालच्या दालनात गा," त्या म्हणाल्या. "वर जाऊ नका. जिना झिजलाय."

एवढंच बोलून त्या छत्री उघडून निघून गेल्या.

खालच्या दालनात मात्र रॉटरडॅमचं मंडळ आधीच ठाण मांडून बसलं होतं. चाळीस बाप्ये, खरे बंदरावरचे, छाताडं पिंपासारखी. त्यांच्या आवाजानं खिडक्यांची तावदानं थरथरत होती. ओस्टरवेनची माणसं दारातून आत आली तसं गाणं थांबलं.

"कुठून आलात?" त्यांच्यातल्या एका दाढीवाल्यानं विचारलं.

"द्रेन्थहून," मास्तर छाती काढून म्हणाले.

मग दाढीवाला अगदी गंभीरपणे म्हणाला, "अरे वा. भरतीच्या वेळी निघालात का ओहोटीच्या?"

चाळीस जण खदाखदा हसले. गेर्टलाही हसू आलं, पण मास्तरांचा चेहरा पाहून त्यानं ते खोकल्यात ढकललं.

"वर," मास्तर म्हणाले. "सगळे वर."

"त्या बाई नको म्हणाल्या होत्या ना?" रुल्फीन म्हणाली.

"जिना झिजलाय म्हणाल्या. आपण काय उड्या मारत जाणार आहोत?"

जिना खरंच झिजला होता. पायऱ्यांच्या मध्यभागी खळगे पडले होते, भिंतीला लावलेला जाड दोर हाच कठडा. पहिला मजला खुर्च्यांनी भरलेला, दुसऱ्याला कुलूप. तिसऱ्या मजल्यावर एकच लांबलचक, मोकळी खोली होती. जाड तुळया, लाकडी तख्तपोशी, धुळीत कुणाचंही पाऊल उमटलेलं नाही. एकाच खिडकीतून धुक्याचा मळकट उजेड येत होता. समोरच्या भिंतीत, थेट जमिनीपासून, दोन फळ्यांचं उंच दार होतं. खाली नदीचा फाटा, वर दाराबाहेर निघालेली तुळई. पूर्वी होडीतला माल दोराला बांधून याच दारातून आत ओढून घेत. दाराला आडवा लोखंडी अडसर होता, गंजून घट्ट बसलेला. गेर्टनं तो हलवून पाहिला. तो तसूभरही सरकला नाही.

"मीठ अजून वासाला येतंय," लामेखीन मावशी नाक वर करून म्हणाली. "छान आहे की जागा! पडदे तेवढे हवेत."

तालीम सुरू झाली. पहिली चार गाणी बरी झाली. बरी म्हणजे सूर जागेवर, शब्द जागेवर, पण गाणं हवेत तरंगल्यासारखं. एग्बर्टची जागा रिकामी आहे हे प्रत्येक ओळीला कळत होतं. खालून रॉटरडॅमवाल्यांचा गडगडाट येत होता, त्यानं तर आणखीच.

"नांगराचं घ्या," मास्तर म्हणाले.

हे दोर ओढण्याचं गाणं. एकानं हाक द्यायची, बाकीच्यांनी 'हो, ओढा'ची साथ. रुल्फीननं भाता उघडला. मास्तरांनी हाक दिली.

"नांगर रुतला चिखलात..."

"हो, ओढा!"

"घर आपलं दूर तिथं..."

"हो, ओढा!"

दुसऱ्या कडव्याच्या साथीत तो आवाज आला.

तो खालून आला असं रुल्फीनला वाटलं, मग भिंतीतून, मग वाटलं पायाखालच्या फळ्याच गुणगुणतायत. खर्जातला, जाड, जरा खरखरीत. रिकामं पिंप दगडांवरून सावकाश ओढत न्यावं तसा. पण सुरात. इतका नेमका सुरात की तरंगणारं गाणं एकदम जमिनीवर टेकलं. सगळ्यांचे चेहरे उजळले.

"एग्बर्टचा गुडघा बरा झाला वाटतं!" गेर्ट म्हणाला.

"रॉटरडॅमवाले आपली थट्टा करतायत," मास्तर म्हणाले आणि त्यांनी टाच दोनदा जमिनीवर आपटली. "गाऊ देत! आपल्यालाच बरं आहे. तिसरं कडवं!"

तेव्हा रुल्फीनच्या लक्षात आलं की खालचा गडगडाट थांबलाय. रस्त्यावरून बुटांचे आणि हसण्याचे आवाज दूर जात होते. रॉटरडॅमवाले चहापाण्याला निघून गेले होते. कोठारात आता त्यांच्याशिवाय कुणी नव्हतं.

मास्तरांनी हाक द्यायला तोंड उघडलं. त्याआधीच हाक आली.

"दोर ओला, हात ओले..."

"हो, ओढा!" बाकीच्या नऊही जणांनी साथ दिली. जिभेला सवय असते, ती विचारत नाही. मास्तर तोंड तसंच उघडं ठेवून उभे राहिले. हे शब्द त्यांच्या वहीत नव्हते.

"खालून कुणी धरून बसलंय..."

"हो, ओढा!"

थांबावं असं रुल्फीनला वाटलं. तिनं बोटांना तसं सांगितलं. बोटं ऐकेनात. भाता उघडत होता, मिटत होता, तिच्या हातांनी आणि तरी तिच्या नाही. चौथं कडवं सुरू झालं आणि वास बदलला. मिठाच्या वासाखालून डांबर वर आलं, डांबराखालून सुकी मासळी, आणि सगळ्यांच्या खालून नदीच्या तळाचा गार, शिळा वास. पाणी उपसल्यावर विहिरीच्या बुडाशी जो असतो, तो. खोली अंधारून आली होती. खिडकीतला उजेड कुणीतरी हातानं पुसल्यासारखा गेला होता. तरी समोरून उजेड येत होता. पांढरा, ओलसर.

समोरचं दार उघडं होतं.

ते उघडल्याचा आवाज झाला नव्हता. दोन्ही फळ्या बाहेरच्या बाजूला सताड, आणि मधून धुकं जमिनीलगत सरपटत आत येत होतं.

मंडळी रांगेत उभी होती. रांग कधी झाली ते कुणी पाहिलं नाही. एकामागे एक, एक पाय पुढे, एक मागे, आणि मुठी एकाआड एक हवेत पुढे जाऊन काहीतरी धरत होत्या, छातीशी ओढत होत्या, पुन्हा पुढे जात होत्या. मुठींत काही नव्हतं. पण गेर्टच्या मानेच्या शिरा तटतटल्या होत्या. तो रांगेच्या शेवटी, जिन्याच्या बाजूला होता. त्याच्या बुटांच्या टाचा फळ्यांवर घासत पुढे सरकत होत्या.

"गेर्ट..." रुल्फीन म्हणाली. तिचा आवाज श्वासाएवढाच निघाला. "गेर्ट, सोड ते..."

"सोडता येत नाही," तो दातांतून म्हणाला. "जड आहे, रुल्फीन... जिवंत आहे..."

"थोडंच राहिलं, थोडंच राहिलं..." तो आवाज म्हणाला. आता त्यात जरा लाडीगोडी होती.

"हो, ओढा!"

ते ओढत होते आणि ओढले जात होते. एक पाऊल मागे, दोन पुढे. प्रत्येक साथीला रांग दाराच्या जवळ जात होती. रांगेत सगळ्यांत पुढे, दाराशी, लामेखीन मावशी होती. तिचे गाल लाल झाले होते. ती हसत होती. पोरगी झोक्यावर हसते तसं.

"किती छान गातो गं हा!" ती म्हणाली. तिच्या डाव्या बुटाचं टोक उंबऱ्याच्या बाहेर होतं. त्याखाली तीन मजले नुसतं धुकं, आणि धुक्याखाली पाणी.

मास्तर बाजूला खांबाला धरून उभे होते. ओठ हलत होते, आवाज नव्हता.

पाचवं कडवं लागलं. बोटं तिची नव्हती, पण खांद्यावरचा पट्टा तिचा होता. तिनं डावा खांदा जोरात झटकला. पट्टा निसटला, अकॉर्डियन एका बाजूला लोंबलं आणि भात्यातून असा काही घाणेरडा, रेड्यासारखा आवाज निघाला की सूरच मोडला. एका श्वासाएवढी शांतता झाली. एवढ्यात काहीतरी वाजवायला हवं होतं, नाहीतर ते गाणं पुन्हा पकड घेणार होतं. असं काहीतरी, जे या माणसांच्या पायांना याहूनही जुनं ओळखीचं असेल.

तिनं अकॉर्डियन छातीशी कवटाळलं आणि आगगाडी सुरू केली.

आगगाडी म्हणजे वाढदिवसाला, लग्नात, कुणाची गाय प्रदर्शनात पहिली आली तरी वाजवतात ती धून. ती वाजली की ओस्टरवेनमध्ये आजोबांपासून रांगत्या पोरापर्यंत सगळे पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवून रांग करतात आणि टेबलांमधून, स्वयंपाकघरातून, अंगणातून नाचत फिरतात. मास्तरांनी मंडळात तिच्यावर बंदी घातली होती. गावंढळ म्हणायचे ते तिला.

"गेर्टचा वाढदिवस!" रुल्फीन ओरडली. जन्मात ती इतक्या मोठ्यानं ओरडली नव्हती. "गेर्ट साठ वर्षांचा घोडा झाला! चला!"

गेर्टच्या पायांनी आधी ऐकलं. ते मागे वळले. मग त्याच्या मुठी उघडल्या, आणि त्याचे दोन दणकट हात रुल्फीनच्या खांद्यांवर येऊन पडले. त्याच्या खांद्यावर पुढच्याचे, त्याच्यावर आणखी पुढच्याचे. रांग उलटी फिरली, गाठ सुटावी तशी सुटत सुटत दारापर्यंत पोचली. जाता जाता कुणीतरी मास्तरांना खांबापासून उपटून मध्ये घेतलं. रुल्फीननं जिन्याकडे वळताना एकदाच मागे पाहिलं. लामेखीन मावशीचा बूट उंबऱ्याच्या आत आला होता, आणि ती पाय उडवत रांगेच्या शेपटाला नाचत येत होती.

मागून तो आवाज आला नाही. फक्त फळ्यांवर काहीतरी ओलं, लांब, सावकाश घसरत गेल्याचा आवाज आला. मग खूप खाली पाणी वाजलं.

तीन मजले ते नाचतच उतरले. अंधाऱ्या, झिजलेल्या पायऱ्यांवरून कुणीही घसरलं नाही. थेट रस्त्यावर आले, तरी रुल्फीनची वाजवणं थांबवायची हिंमत होत नव्हती. धुक्यात उभ्या असलेल्या लोकांना वाटलं हा उत्सवाचाच भाग. त्यांनी टाळ्या वाजवल्या. एका आजोबांनी खुशीत टोपी हवेत भिरकावली.

समोरच्याच खाणावळीत सगळे घुसले. वाटाण्याचं घट्ट सूप आलं, काळा पाव आला, वर चरबीचे काप. मग गेर्टनं चमचा धरायला हात पुढे केला आणि तसाच ठेवला. त्याचे तळवे सोलवटले होते. कातडीत अंबाडीचे बारीक तंतू रुतले होते. सगळ्यांनी आपापले हात टेबलावर उलटे करून पाहिले. सगळ्यांचे तसेच. रुल्फीनचे आणि मास्तरांचे सोडून.

"मी साठ वर्षांचा नाही," गेर्ट शेवटी म्हणाला. "मी सत्तावन्नचा आहे."

आणि एकदम सगळे हसायला लागले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, एकमेकांच्या पाठीवर थापा मारत, भीती बाहेर सांडावी तसे हसले. मास्तरही हसले. हसता हसता त्यांनी रुल्फीनचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

याकोमीन बाई कॉफी प्यायला आल्या, त्यांना हे टेबल दिसलं, टेबलावरचे तळवे दिसले. त्यांनी खुर्ची ओढली.

"वर गेलात," त्या म्हणाल्या.

"तुम्ही म्हणालात जिना झिजलाय!" मास्तर उसळले. "वर तसला कुणी आहे हे नाही म्हणालात!"

"तसं सांगितलं की लोक मुद्दाम वर जातात, मास्तर. जिना झिजलाय म्हटलं की शहाणी माणसं खाली राहतात." त्यांनी चिरूट शिलगावली. "त्यानं किती कडवी म्हटली?"

"दोन आम्ही म्हटली," रुल्फीन म्हणाली. "तिसरं, चौथं त्यानं. पाचवं अर्धं."

"मग काही नाही. नऊ आहेत."

"नवव्याला काय होतं?"

"माल वर येतो."

"कसला माल?"

"ते पाहायला कुणी थांबलेलं नाही. माझा एक काका सातव्यापर्यंत गेला होता. त्याला दोराचं टोक दिसलं म्हणे. काय बांधलं होतं ते त्यानं मरेपर्यंत सांगितलं नाही. पण मासा सोडला. या गावात राहून मासा सोडला, विचार करा." त्यांनी गेर्टच्या ताटलीतला चरबीचा एक काप सहज उचलून तोंडात टाकला. "तसा तो वाईट नाही. एकटा माणूस आहे, हाताखाली माणसं हवी असतात. काम अर्धं राहिलंय ना त्याचं."

"आणि ते दार?" रुल्फीननं विचारलं.

"दाराचं काय?"

"उघडलं होतं. बाहेरच्या बाजूला."

याकोमीन बाईंनी अर्धी चिरूट विझवली. मग त्यांनी सगळ्यांना कोपऱ्यावरच्या पुलावर नेलं. धुकं विरळ झालं होतं. कोठाराची मागची भिंत थेट पाण्यातून वर चढली होती आणि तिसऱ्या मजल्यावर ते दार दिसत होतं, बंद. दोन्ही फळ्यांना चिकटून, उंबऱ्यावर काटक्यांचा मोठा ढीग होता. काळ्या डोमकावळ्यांचं घरटं, वर्षानुवर्षं वाढत गेलेलं. फळ्या बाहेर उघडल्या असत्या तर ते खाली पडलं असतं. एक काडीही हललेली नव्हती.

लामेखीन मावशी तेवढी म्हणाली, "पिल्लं उडून गेली वाटतं. बरं झालं."

तीन वाजता मात्र ऊन पडलं. नदी एकदम रुपेरी झाली, पताका सुकून फडफडायला लागल्या. धक्क्यावर माणसांची ही गर्दी. पहिल्या रांगेत रॉटरडॅमवाले हातांच्या घड्या घालून उभे. मास्तरांनी मंडळाकडे पाहिलं. नांगराचं गाणं त्यांनी वहीतून फाडून टाकलं होतं. सोलवटलेले तळवे पाठीमागे धरून ओस्टरवेनची माणसं गायली, आणि ज्यांनी नुकताच आपला जीव परत मिळवलाय ती माणसं गातील तशी गायली. खर्ज नव्हता. कुणाला त्याची आठवणही झाली नाही.

शेवटी मास्तर रुल्फीनकडे वळून हळूच म्हणाले, "ते गावंढळ वाजव."

तिनं आगगाडी सुरू केली. आधी गेर्ट धक्क्यावर उतरला, मग मंडळ, मग प्रेक्षक, आणि अखेर तो दाढीवालाही मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवून नाचायला लागला. पूल ओलांडून, वेशीतून, तळलेल्या माशांच्या गाड्यांमधून तीनशे माणसांची आगगाडी फिरली.

"भरतीच्या वेळी निघालो होतो!" मास्तर मागे वळून त्याला ओरडून सांगत होते.

पुढच्या वर्षीचं बोलावणं तिथंच मिळालं.

परतीच्या बसमध्ये सगळे थकून, सुखावून बसले होते. बाहेर संध्याकाळ उतरत होती, शेतं निळी पडत होती. कुणीतरी डुलक्या घेत होतं, कुणी तळव्यांना मलम लावत होतं. लामेखीन मावशी रुल्फीनच्या शेजारी बसून डब्यातला शेवटचा केक संपवत होती.

"त्या माणसाचं नाव विचारायचं राहिलं बघ," ती म्हणाली.

"कुठल्या माणसाचं?"

"अगं तोच, जिन्यावरचा. माझ्या मागं होता ना रांगेत. खांद्यावर हात ठेवून. बर्फासारखे गार हात, पण इतका सभ्य! प्रत्येक पायरीला सांगत होता, जप, इथं खळगा आहे, जप, पोरी. पोरी म्हणाला! चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईला!"

रुल्फीन तिच्याकडे वळली. "मावशी... तू शेवटची होतीस."

"मी कुठली? तो होता शेवटी. उत्सवाचाच कुणीतरी असेल. आवाज काय सुंदर, जाड. खालच्या दारापाशी मात्र थांबला. म्हटलं, या की बाहेर, नाचू या. तर म्हणाला, मला कुणी कधी बोलावत नाही." तिनं जीभ चुकचुकवली. "वाईट वाटलं गं. म्हटलं, असं कसं? आम्ही बोलावतो. गुरुवारी आमची तालीम असते, साडेसातला, शाळेच्या मागच्या खोलीत. या की, म्हटलं."

पुढच्या बाकावरचे गेर्ट आणि मास्तर हळूहळू मागे वळले.

"काय म्हणाला तो?" मास्तरांनी विचारलं.

"विचारत होता, तिथं पाण्यानं येता येतं का. म्हटलं, नदी नाही बाबा आमच्याकडे, पण कालवा आहे. थेट शाळेच्या मागच्या पायऱ्यांना लागतो." मावशीनं डब्याचं झाकण लावलं आणि मांडीवरचे कण झटकले. "मग येतो म्हणाला. एक वस्तू ओढायची राहिलीये, ती बरोबर आणतो म्हणाला."

बस मुख्य रस्ता सोडून गावच्या वाटेला लागली. डाव्या हाताला कालवा सुरू झाला, काळा, सरळ, त्यांच्या बरोबरीनं धावणारा. सगळे त्याच्याकडे पाहत होते.

"गुरुवारी केक सफरचंदाचा करू की आल्याचा?" लामेखीन मावशीनं विचारलं. "त्याला काय आवडत असेल गं?"